राघूचा परवाना

घरात कुत्रा आणला की महापालिकेचा परवाना काढावा लागतो, हे शहरातल्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक असते. त्यामुळे पोपट आणला तर त्याचाही असाच कोठेतरी परवाना मिळत असेल, चार पैसे भरले की पावती हातात पडत असेल, अशी साध्या माणसाची समजूत असते. वाचकहो, तशी काही सोय नाही. आपला हिरवा, लाल चोचीचा, ‘विठू विठू’ करणारा राघू पाळायला परवाना मिळत नाही, कारण त्याला पिंजऱ्यात ठेवणे हाच मुळी गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांमुळे पोपट, मैना, मुनिया हे आपले रानपक्षी पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत आणि पाळायचेही नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि गंमत अशी, की समोरच्या बिऱ्हाडाच्या गॅलरीत निळ्या-पिवळ्या चिमुकल्या पाखरांची जोडी दिवसभर किलबिलत असते, तिला कोणी काही विचारत नाही. दुकानदार त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतो; ते बहुधा असतात बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. म्हणजे घरच्याला दाराबाहेर काढायचे आणि परक्याला पाटावर बसवायचे, असा हा कायदा आहे की काय?

वरवर पाहता तसे वाटते खरे. पण दोघांची जन्मकथा ऐकली म्हणजे उलगडा होतो. बजरीगर १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेला. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या तो पिंजऱ्यातच अंडी घालत आला आहे. रानातला बजरीगर हिरवा असतो. निळा आणि पांढरा रंग ही माणसाच्या जोपासनेची करणी. राघूचे तसे नाही. बाजारात येणारे पिलू झाडाच्या ढोलीतून काढून आणलेले असते. हिवाळा सरता सरता राघूची जोडी ढोली शोधते. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली जुनी ढोली मिळाली तर तीच रुंद करून घेते. पिले उडायला सहा-सात आठवडे लागतात आणि त्याच्या आतच पकडणाऱ्याचा हात ढोलीत शिरतो. हात जात नसेल तेथे कोयता जातो. मग ती ढोली पुढल्या वर्षी राघूच्या कामाची राहत नाही, मैनेच्या नाही आणि पिंगळ्याच्याही नाही. आपण दुकानातून एक पोपट आणतो, तेव्हा एक घर उठवून आणतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक आजी राहतात. त्यांच्याकडे बारा वर्षांचा राघू आहे. आजोबा गेले त्याला चार वर्षे झाली. पण ते ज्या सुरात आजींना चहाची आठवण करीत, त्याच सुरात हा राघू अजून रोज चार वाजता हाक मारतो. कायदा कानावर आल्यापासून त्यांचा मुलगा घाबरला आहे. “पाडव्याच्या दिवशी गच्चीवर नेऊन सोडून देतो, पुण्य तरी लागेल,” असे त्याने ठरविले. सूनबाईंचे म्हणणे वेगळे : “पिंजऱ्याचे दार दिवसभर उघडे असते, तरी तो जात नाही. त्याला येथेच आवडते.” शेवटी आजींनी मला विचारले, “प्रोफेसर, तुम्हीच सांगा आता.”

मी मराठी शिकविणारा माणूस, वनखात्याचा अधिकारी नव्हे. पण सूनबाईंच्या बोलण्यावर मला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवला. तेथे नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने ती फिरते आणि तो उलटा लटकतो. धरलेले कोणीच नसते. पण आपण अडकलो या समजुतीने तो नळी घट्ट पकडून ठेवतो. दार उघडे असून राघू जात नाही, यावरून तो सुखी आहे असे ठरत नाही. जाणे तो विसरला आहे, एवढेच ठरते.

म्हणूनच गच्चीवरून सोडणे हेही पुण्य नव्हे. हाताने भरविलेल्या राघूला रानातले अन्न ओळखता येत नाही. त्याला थवा आपला म्हणेलच असे नाही. मांजर दिसले तर उडावे, हेही तो शिकलेला नसतो; आणि पिसे छाटलेली असतील तर उडणार तरी कशाने? बरोबर रस्ता एकच : वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे आणि पक्षी त्यांच्या हवाली करायचा. सोडण्याजोगा झाल्यावरच त्याला रानात सोडणे इष्ट.

आजींनी सारे ऐकून घेतले. ढोलीची हकिगत त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. मग पदराने पिंजऱ्याची दांडी पुसत त्या म्हणाल्या, “बारा वर्षं मी ह्याला पोरका समजून वाढवला. हा पोरका नव्हताच की हो!” फोन कोणी करायचा याचा वाद त्या घरात मग झाला नाही, आजींनीच केला. चारचा चहा त्या आता सूनबाईंबरोबर घेतात. कायद्याच्या पुस्तकात त्यांच्या एकटेपणासाठी कलम नाही. ते घरच्यांनीच लिहायचे असते.

आता ज्यांच्याकडे परदेशी पक्षी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. बजरीगर आणि कॉकाटील यांना नोंदणी लागत नाही. मात्र मकाव किंवा आफ्रिकी राखी पोपट यांच्यासारखे, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले पक्षी असतील, तर फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते. पुढे पिले झाली, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी तेही कळवायचे. थेट आपल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीसारखे!

बजरीगरच्या मायदेशी, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, घरामागच्या परसात लहानसा पक्षिगृहाचा पिंजरा बांधायचा तर ठरलेल्या मापात आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर राखून बांधावा. मग परिषदेची वेगळी मंजुरी लागत नाही. तो नियम शेजाऱ्याचा विचार करतो. आपला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा खुद्द पाखराचा विचार करतो : पिंजरा इतका उंच, लांब, रुंद हवा, की आतल्या जिवाला नीट हालचाल करता यावी. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! दंडाच्या धाकाने पिंजरे मोठे होतील, अशी आशा नको. दुकानातून पिंजरा घेताना पाखराचे पसरलेले पंख डोळ्यांपुढे आणावेत आणि मग माप ठरवावे.

ज्यांच्या गॅलरीत अशी पाखरे आहेत, त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, फटाके सुरू होण्यापूर्वी, पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि खिडक्या लावून घ्याव्यात. आणि मुलांनी भाऊबीजेला पोपट मागितला, तर त्यांना पहाटे जवळच्या बागेत न्यावे. वडा-पिंपळावरून राघूंचा थवा कलकलाट करीत जाताना दाखवावा. त्याला परवाना लागत नाही.