शब्दार्थ : डायपर

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत ‘डायपर’ हा शब्द आज आजीपासून औषधविक्रेत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी रुळला आहे. मुळात मात्र तो बाळाचा नव्हे, कापडाचा शब्द. ‘डिया’ म्हणजे आरपार आणि ‘आस्प्रोस’ म्हणजे पांढरा, या ग्रीक शब्दांपासून लॅटिन व फ्रेंच भाषांमार्गे तो इंग्रजीत आला. मध्ययुगात डायपर म्हणजे मौल्यवान नक्षीदार वस्त्र. पुढे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक वीण असलेले पांढरे कापड. त्याचे चौकोनी तुकडे तान्ह्या मुलांसाठी वापरले जाऊ लागले आणि कापडाचे नाव त्या वस्तूला मिळाले. इंग्लंडमध्ये तिलाच ‘नॅपी’ म्हणतात. तो ‘नॅपकिन’चा संक्षेप होय.

आपल्याकडे धुऊन मऊ झालेल्या धोतर-लुगड्यांची बाळोती होत. ‘बाळोते’ या शब्दातच बाळ असल्याने तो वृद्धांना लावणे प्रशस्त वाटत नाही. ‘डायपर’मध्ये वयाचा उल्लेखच नाही. तरीही अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी तो मागताना मुलाचा आवाज खाली येतो आणि वडील संकोचाने पाणी पिणे कमी करतात. त्यातून प्रकृती अधिकच बिघडते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या नॅपकिनांवरील आणि रुग्णांच्या डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करआकारणीत दोघांना एकच न्याय मिळाला. दुकानाच्या गल्ल्यावर आणि घरातही तो मिळावा. वडिलांचे पाकीट बाळाच्या पाकिटाइतक्याच सहजतेने मागितले जावे आणि दिले जावे.