यादी लांबली, शंका किती घटली?

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या 2008 ते 2017 या दहा वर्षांच्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या आणि 2019 मध्ये जुन्या यादीच्या सुमारे दसपट, म्हणजे अठरा लाखांहून अधिक भूकंपांची यादी प्रसिद्ध झाली. ते काम ओळखीच्या धक्क्यांच्या लहरींशी नव्या लहरी ताडून पाहण्याचे होते. मशीन लर्निंगने तसाच शोध आता कितीतरी स्वस्त केला आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सात लाखांहून अधिक नोंदींवर शिकवलेले 'फेजनेट' पी आणि एस लहरींच्या आगमनाच्या वेळा न थकता टिपते. याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल: यादी लांबली म्हणजे तिच्यावरून काढलेला निष्कर्षही तेवढाच पक्का झाला, असे गृहीत धरण्याची सवय आपल्या क्षेत्राला लागते आहे.

गुटेनबर्ग-रिश्टर नियमातले बी-मूल्यच घ्या. आकींच्या 1965 च्या सूत्राने ते काढले तर त्याची प्रमाण त्रुटी साधारणपणे बी भागिले नोंदींच्या संख्येचे वर्गमूळ इतकी येते. बी 1 असेल तर शंभर नोंदींना 0.1 आणि दहा हजारांना 0.01. पण ही त्रुटी फक्त नमुन्याच्या आकाराची आहे. यादी कोणत्या मॅग्निट्यूडपासून पूर्ण आहे हा उंबरठा चुकला, तर नोंदी कितीही वाढवल्या तरी ती चूक तसूभर हलत नाही. मोठ्या धक्क्यानंतरच्या काही तासांत लहरी एकमेकींत मिसळतात, लहान आफ्टरशॉक हरवतात आणि बी खोटेच खाली येते. नेमके तेव्हाच, जेव्हा घसरलेल्या बी-मूल्यात आणखी मोठ्या धक्क्याची चाहूल शोधली जात असते. शिवाय लहर-शोधक प्रत्येक नोंदीला शून्य ते एकमधला गुण देतो. आपण 0.3 किंवा 0.5 वर कात्री चालवतो आणि उरलेल्या साऱ्या नोंदी सारख्याच खात्रीच्या मानतो. तो गुण म्हणजे पारखून घेतलेली संभाव्यता नव्हे, हे विसरले जाते. बेझियन मांडणीत उंबरठा हाही काळानुसार बदलणारा अज्ञात ठरतो आणि त्याची शंका थेट बी-मूल्यापर्यंत पोचते. पट्टा रुंद येतो, पण प्रामाणिक येतो.

मॉडेलच्या आकाराबद्दलचा धडा तर 'नेचर'च्या पानांवरच मिळाला. आफ्टरशॉक कुठे होतील हे सांगणारे 13,451 प्राचलांचे खोल जाळे 2018 मध्ये तिथे प्रसिद्ध झाले. त्याचा एयूसी 0.849 होता. पुढच्याच वर्षी मिन्यान आणि ब्रोकार्डो यांनी अवघ्या दोन प्राचलांच्या लॉजिस्टिक समाश्रयणाने 0.85 गाठून दाखवला. यावरून खोल जाळी कुचकामी ठरत नाहीत. ठरते ते इतकेच, की साध्या मॉडेलशी झुंज लावल्याशिवाय कुणाच्या गुणांना अर्थ नाही.

खरी अडचण मोठ्या भूकंपांची आहे. कोयनेत 1960 च्या दशकापासून हजारो लहान धक्के नोंदले गेले, पण 11 डिसेंबर 1967 च्या 6.3 च्या तोडीचा पुन्हा झालेला नाही. हजार लहान धक्क्यांवर शिकलेले यंत्र त्या एकाबद्दल काय सांगणार? तिथे भ्रंशांचे ज्ञान, जलाशयाची पातळी, जगातल्या इतर धरणांचा अनुभव हे पूर्वसंभाव्यता म्हणून आणावेच लागते. पूर्वसंभाव्यता म्हणजे संशोधकाची मर्जी, हा आक्षेप जुना आहे आणि अगदीच खोटा नाही. पण किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 पूर्वीच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तीही पूर्वसंभाव्यताच होती, फक्त कुणी आकड्यात मांडलेली नव्हती, म्हणून कुणी तपासलीही नाही. आकड्यात मांडलेली मर्जी निदान खोडता येते. आणि ती शून्य धरली, तर बेझच्या सूत्रात पुढचा कोणताही पुरावा तिला शून्यावरून हलवू शकत नाही.

दुसरा आक्षेप गणनेचा, आणि तो अधिक वजनदार. एटास मॉडेलमध्ये प्रत्येक धक्क्याचा संबंध आधीच्या प्रत्येकाशी. दहा लाख धक्क्यांच्या यादीत अशा जोड्या सुमारे पाचशे अब्ज. हा हिशेब हजारो वेळा फिरवणारी मार्कोव्ह साखळी कुठल्याही विभागाच्या संगणकाला परवडणारी नाही. मात्र लाप्लासच्या धर्तीचे अंदाज आता एटासला लावता येतात आणि कृत्रिम यादी तयार करून तिच्यावर शिकवलेले जाळे उत्तरसंभाव्यता थेट देऊ शकते. मशीन लर्निंगची खरी जागा आम्हाला इथे दिसते: बेझियन हिशेबाला पर्याय म्हणून नव्हे, तर तो झेपावा म्हणून.

तेव्हा या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत यापुढे एटासशी तुलना असावी, लहर-शोधकाची कात्री कुठे चालवली ते लिहिलेले असावे आणि पूर्वसंभाव्यता बदलली तर निष्कर्ष किती हलतो तेही दाखवलेले असावे. कॅलिफोर्नियात शिकलेले जाळे कोयनेच्या उथळ धक्क्यांवर चालवले असेल, तर हाताने टिपलेल्या स्थानिक नोंदींवरची त्याची चाचणी आम्ही परीक्षणाआधीच मागू.