पोर्शेला घाई, छोट्या हत्तीला गंज

एप्रिल २०१९ मध्ये ईडीने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सीच्या १३ गाड्या लिलावाला काढल्या होत्या, आठवतंय? रोल्स-रॉईस घोस्ट, पोर्शे पानामेरा, मर्सिडीज वगैरे. एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन बोली. गाडी डोळ्यांनी बघा, चालवून बघायची नाही! रोल्सला १ कोटी ३३ लाखांची बोली लागली. सावर्ड्यात टपरीवरसुद्धा तोच विषय. पोर्शे आमच्याकडे वर्षातून एखादी दिसते, तीही गोव्याला पळताना. तेव्हा चर्चा होणारच.

मला मात्र त्यातल्या तारखा भारी वाटल्या. जप्ती फेब्रुवारी २०१८, लिलाव चौदा महिन्यांत. खटला संपलेला नाही, नीरव मोदी लंडनच्या तुरुंगात, तरी कोर्टाची परवानगी काढून गाड्या विकायला काढल्या. आणि ते बरोबरच होतं! उभी गाडी मरते हो. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं, रबर सुकतं, वायरिंग उंदीर खातात. पोर्शेची असली दुरुस्ती म्हणजे आमच्यासारख्याचा वर्षाचा पगार.

पण मग हे शहाणपण फक्त पोर्शेलाच का?

कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात डोकावा. मुद्देमाल म्हणून पडलेल्या मोटारसायकली, रिक्षा, एखादा छोटा हत्ती. सीटमधून गवत वर आलेलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात पत्रा किती टिकणार? दोन पावसाळ्यांत भंगार. त्या छोट्या हत्तीवर कुणाचा तरी आंब्याचा हंगाम चालायचा, आणि बँकेचा हप्ता काही जप्त होत नाही :)

"अहो, पुरावा आहे तो!" असं लगेच कुणीतरी म्हणेल. साफ चूक. २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं कुजवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, हमी घेऊन मालकाला द्या, मालक नसेल तर लिलाव करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतच घातलीय. माल कोर्टापुढे आला की चौदा दिवसांत त्याची नोंद, फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम. आमच्या धंद्यात याला एसएलए म्हणतात. मोडला की क्लायंट फोनवर फोन करतो. इथला क्लायंट म्हणजे रिक्षावाला, तो कुणाला फोन करणार? सुपुर्दनाम्यावर गाडी सोडवायची तर वकील हवा, खेपा हव्यात, त्या दिवसांचा धंदा बुडतो. जुनी मोटारसायकल असेल तर माणूस हिशोब करतो आणि नाद सोडतो.

ठाण्यात माणसं कमी आहेत, हे मान्य. कोर्टात तर त्याहून. पण पोर्शेच्या वेळी फोटो, यादी, ऑनलाइन बोली, सगळं जमलं ना? मार्च २०२० मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात तर मोदीच्या गाड्या चित्रांच्या जोडीने मांडल्या होत्या. आम्हाला तेवढा थाट नको. ठाण्याच्या फळ्यावर प्रत्येक गाडीचा नंबर, जप्तीची तारीख आणि तिच्यापुढे पंचेचाळिसाव्या दिवसाची तारीख लिहा. तेवढं खडूनेसुद्धा होतं.