विश्लेषण : अभिजात ग्रंथ शाळेत हवेत, पण पाठ करण्यासाठी की समजण्यासाठी?

मनाचे श्लोक आणि भगवद्गीता शाळेत पाठ करून घ्यावी का, यावरून २०२४ मध्ये राज्यात बराच वाद झाला. तो रंगला शहरांत. त्याची खरी कसोटी मात्र कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील शाळांत लागते.

वाद काय होता?

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मे २०२४ मध्ये शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या बाराव्या अध्यायाचे पाठांतर सुचवले होते. एका प्रकरणात मनुस्मृतीतील श्लोकही होता. टीका झाल्यावर मनुस्मृतीला अभ्यासक्रमात स्थान नसेल, असे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले. पण सारी चर्चा ग्रंथ कोणता, यावरच अडली. तो शिकवायचा कसा, याकडे फारसे कोणी वळले नाही.

आज काय शिकवले जाते?

अभिजात साहित्य शाळेत अजिबात नाही, असे नाही. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’त नामदेव, एकनाथांचे अभंग आणि मोरोपंतांचे ‘भरतवाक्य’ आहे. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे ऐच्छिक विषय आहेत. पण अभंग म्हणजे रसग्रहणाचे गुण, एवढेच मुलांच्या पदरी पडते. ‘हे मला पटते का?’ हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून वर्गातही येत नाही.

कर्जत-खालापूरमध्ये प्रश्न वेगळा का?

या तालुक्यांत ठाकर आणि कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. कातकरी ही राज्यातील विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात, पावसाआधी परततात. मुलेही सोबत जातात. घरी बोली, शाळेत प्रमाण मराठी, जोडीला इंग्रजी. त्यावर संस्कृत पाठांतराची स्पर्धा आली, तर बक्षीस कोणाला मिळेल हे आधीच ठरलेले असते. ज्याच्या घरात श्लोक आहे त्याला. वाडीवरचे मूल टाळ्या वाजवायला उरते.

मात्र ‘या मुलांना आधी धड वाचता येऊ दे, तुकाराम नंतर पाहू’ हाही अन्यायच आहे. मोठे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत, असे त्यांना सांगण्यासारखेच ते आहे. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. मृत्यू, दैव, जबाबदारी हे शब्द इथल्या मुलांना पुस्तकातून कळायचे राहिलेले नाहीत. त्यावर बोलायला भाषा हवी, आणि ती अभिजात साहित्यात आहे.

मग पाठांतर निरुपयोगी आहे का?

नाही. अक्षरओळख नसलेल्या लाखो वारकऱ्यांनी अभंग पाठांतरानेच जपले. पण कीर्तनात अभंगापाठोपाठ निरूपण येते. शाळेत अभंग आला आणि निरूपण बाहेर राहिले, ही खरी चूक आहे.

रायगड जिल्हा काय शिकवतो?

ग्रंथ कसा वाचावा याचे दोन धडे याच जिल्ह्यात आहेत. शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. आईला संस्कृत गीता समजत नव्हती. तिला कळेल अशी मराठी गीता असावी, या प्रेरणेतून १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ आकाराला आली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. याच जिल्ह्यातील महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. बाबासाहेबांनी ग्रंथ नाकारला, पण तपासून नाकारला. एकाने ग्रंथ आईच्या भाषेत आणला, दुसऱ्याने त्याला न्यायाच्या कसोटीवर घासले. शाळेला दोन्ही शिकवता यायला हवे.

करता काय येईल?

आठवड्याला एकच अभंग किंवा उतारा पुरे. शिक्षकाने तो मोठ्याने वाचावा, मुलांनी त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा, मग एक प्रश्न फळ्यावर यावा. गीतेसोबत धम्मपद असावे, तुकारामांसोबत चोखामेळा आणि जनाबाई असावी, चार्वाक आणि सॉक्रेटिसही यावेत. म्हणजे एकच बाजू ऐकण्याची सवय लागणार नाही. कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. घरदार सोडून भिक्खू इथे का राहत असतील, हा प्रश्न लेण्यातच बसून विचारता येतो. वाडीवरच्या आजीची गाणी आणि कहाण्याही त्याच वहीत उतरायला हव्यात.

अडचण शिक्षकांची आहे. दोन शिक्षकी शाळेत एकाच गुरुजींना दोन-तीन इयत्ता सांभाळायच्या असतात. त्यांच्यावर आणखी एक स्पर्धा आणि आणखी एक अहवाल लादून काही साधणार नाही. त्यांना प्रशिक्षण आणि या तासापुरती गुणांपासून सुटका मिळाली पाहिजे.

पाचवीतल्या एखाद्या मुलीने अभंगाचा अर्थ तिच्या बोलीत सांगितला आणि वर ‘पण गुरुजी, हे मला पटत नाही’ असे म्हटले, तर तो तास सार्थकी लागला. आराखड्याचे मोजमाप तिथे व्हावे, बक्षीस समारंभात नव्हे.