जिप्सीची पायरी

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात ठरवून दिलेल्या जागा सोडल्या, तर पर्यटकाला गाडीतून खाली उतरता येत नाही. धडधाकट तरुण असो की गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी, नियम सगळ्यांना सारखाच. ज्याला चालणे जमत नाही, त्याच्यासाठी व्याघ्र प्रकल्पाची सफर गड चढण्यापेक्षा कितीतरी सोपी असायला हवी. तरीही विदर्भातल्या जंगलांची सहल ठरली की घरातल्या काठी किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला ‘तुम्ही रिसॉर्टवर आराम करा’ असे प्रेमाने सांगितले जाते. त्या सल्ल्यात काळजी आहे आणि तथ्यही आहे. ते तथ्य किती, हे मात्र तपासायला हवे.

आधी काळजीची बाजू. उघडी जिप्सी जमिनीपासून चांगलीच उंच असते, चढायला अरुंद लोखंडी पायरी, आणि मागची बाके त्याहून उंच. कच्च्या वाटेवर हिसके बसतात, फेरी तीन-चार तासांची असते, स्वच्छतागृह मोजक्याच ठिकाणी. डिसेंबरच्या पहाटे उघड्या गाडीत सांधे आखडतात, तर मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर जातो. जंगलात गाडी बंद पडली तर दुसऱ्या गाडीत चढायचे कसे, हा प्रश्नही उरतोच. हाडे ठिसूळ झालेल्या किंवा मणक्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या माणसाला डॉक्टर नको म्हणत असतील, तर तिथे हट्ट धरू नये.

पण या अडचणींपैकी बऱ्याच आखणीने कमी होतात. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाने समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर गाडीत बसून काढण्यापेक्षा रेल्वेने किंवा विमानाने नागपूर गाठावे आणि तिथून टॅक्सी करावी. पेंच, नागझिरा, ताडोबा, कान्हा असे सगळे एका दमात उरकण्याचा मोह आवरावा. नागपूरहून सुमारे 70 किलोमीटरवरचे पेंचचे सिल्लारी प्रवेशद्वार आणि मग ताडोबा एवढेच ठेवले, तर मध्ये एक दिवस नुसत्या विश्रांतीला मिळतो. फेब्रुवारी-मार्चची हवा त्यातल्या त्यात सोसणारी. ताडोबा मंगळवारी बंद असते, हे तारखा ठरवतानाच पाहावे. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराहून ताडोबा तलावाकडे जाणारा मुख्य रस्ता डांबरी आहे, तेव्हा जास्त वेळ त्याच रस्त्याने फिरवा, असे गाइडला आधीच सांगता येते. राहण्याच्या ठिकाणी ‘व्हीलचेअर चालते का’ एवढेच विचारून भागत नाही. दाराची रुंदी, न्हाणीघराचा उंबरा, कमोडशेजारचा आधाराचा दांडा यांचे फोटो मागवावेत. आणि सगळा आनंद जिप्सीतच असतो असेही नाही. महाराष्ट्रातले पेंच हे 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. तिथले आकाश खुर्चीत बसूनही पाहता येते.

आखणीने न सुटणारे प्रश्न व्यवस्थेकडे येतात. अशा प्रवाशांना स्वतःची गाडी आत नेऊ द्यावी, अशी एक सूचना सुचणे स्वाभाविक आहे. तिला आधारही आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी वाहनांना बंद असतो, पण चालण्याची अडचण असलेल्यांना परवाना घेऊन तिथे स्वतःची गाडी नेता येते. तो मात्र दरीच्या काठाचा पक्का रस्ता आहे. ताडोबात वाघ वाट ओलांडत असताना गाडी कुठे थांबवायची आणि किती अंतर ठेवायचे, हे नेहमीच्या चालकाला आणि गाइडलाच कळते. शिवाय त्यांची रोजी त्यावरच चालते. खासगी गाडीची सवलत इथे नको, हेच बरे.

वनविभागाचीही एक रास्त भीती आहे. सोयींच्या नावाखाली जंगलात सिमेंट शिरते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाभा क्षेत्रातल्या पर्यटनाचा वाद गाजला आणि त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांनी पर्यटनाला गाभ्याचा जास्तीत जास्त 20 टक्के भाग मोकळा ठेवला. ती मर्यादा ढिली करण्याचे कारण नाही. पण इथे मागायचे ते बहुतेक सगळे प्रवेशद्वाराबाहेरचे आहे. जिप्सीच्या तळाइतका उंच ओटा आणि त्यावर जाणारा उतार, कमोडचे रुंद स्वच्छतागृह, आरक्षणाच्या अर्जात गरज नोंदवायला एक रकाना, आणि दाराशी पट्ट्याच्या, आधाराच्या आसनांच्या दोन-तीन गाड्या. यासाठी जंगलातले एकही झाड तोडावे लागत नाही.

खर्च कोणी करायचा? बऱ्याच जिप्सी गावातल्या तरुणांच्या असतात, काहींवर कर्जही असते. प्रत्येकाला गाडी बदलायला लावणे अन्यायाचे होईल. व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे पर्यटनाचे उत्पन्न जमा होते. मोजक्या गाड्यांचा भार त्यातून उचलला जाऊ शकतो.

कायद्यानेही अशा सोयी म्हणजे मेहेरबानी राहिलेली नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत त्यात होती. नियम 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत केव्हाच टळून गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असलेच पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, असे बजावले. तिकीट विकणारे प्रवेशद्वार याला अपवाद असू शकत नाही.

नागपूरहून पेंचकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग 44 जंगलातून जातो. तिथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे. त्यातला सर्वांत लांब टप्पा 750 मीटरचा आहे. न्यायालयीन लढे, अभ्यास आणि मोठा खर्च यांनंतर ते झाले आणि ते योग्यच होते. प्राण्यांसाठी महामार्ग उचलू शकणाऱ्या व्यवस्थेला माणसासाठी एक ओटा बांधणे जड नाही. वनविभागाने पुढच्या हंगामाआधी निदान मोहर्ली आणि सिल्लारी या दोन दारांपासून सुरुवात करावी. आणि कुटुंबांनी ‘तुम्ही आराम करा’ म्हणण्याआधी, तुम्हाला यायचे आहे का, हे त्या माणसालाच विचारावे.