महाधिवक्ता कोणाचा?

सीमाभागातून निघणाऱ्या निवेदनांच्या शेवटी 'प्रत माहितीसाठी' अशी एक यादी असते. मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, खासदार, कधी राज्यपाल, कधी दिल्लीतील गृहमंत्रालय. प्रश्न पाट्यांचा असो, परिपत्रकांचा असो वा मराठी शाळेतील रिकाम्या शिक्षकपदांचा असो, यादी सहसा बदलत नाही. अशी निवेदने लिहून देण्यात आमची बरीच वर्षे गेली. तरी राज्याच्या महाधिवक्त्याचे नाव त्या यादीत आम्हांस क्वचितच दिसले. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा सर्वांत मोठा सरकारी वकील, एवढीच या पदाची ओळख आपल्याकडे रूढ झाली आहे. ती ओळख राज्यघटनेला धरून नाही, आणि सीमाभागातील मराठी भाषकाला ती परवडणारीही नाही.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. केंद्राचा तो महान्यायवादी, राज्याचा तो महाधिवक्ता. वृत्तपत्रे ही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि वाचकाला दोन्ही सारखीच अगम्य वाटतात. 'ॲडव्होकेट जनरल' म्हटले की निदान कोर्टाच्या आवारात तरी सर्वांना कळते.

घटनेच्या अनुच्छेद १६५ नुसार त्याची नेमणूक राज्यपाल करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास जो पात्र, तोच या पदास पात्र. विधिविषयक बाबींवर राज्य शासनास सल्ला देणे हे त्याचे पहिले कर्तव्य. न्यायालयात उभे राहणे त्यानंतर येते. अनुच्छेद १७७ त्याला विधिमंडळाच्या सभागृहात बोलण्याचा अधिकार देतो, मताचा मात्र देत नाही. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनातही तो उभा राहून एखादे विधेयक घटनेच्या कसोटीवर कसे उतरते हे सांगू शकतो. फौजदारी स्वरूपाच्या न्यायालयीन अवमानाची याचिका सामान्य नागरिकाला त्याच्या लेखी संमतीशिवाय दाखल करता येत नाही. राज्याच्या बार कौन्सिलचा तो पदसिद्ध सदस्य असतो. एवढे असूनही तिसऱ्या अनुसूचीत त्याच्यासाठी शपथेचा नमुना नाही. मंत्र्याला शपथ आहे, आमदाराला आहे, न्यायाधीशाला आहे, त्याला नाही. कार्यकाळाची निश्चितीही नाही. राज्यपालांची मर्जी असेतो तो पदावर, आणि व्यवहारात ही मर्जी मंत्रिमंडळाचीच असते.

तेव्हा कोणी म्हणेल, ज्याची नेमणूक आणि गच्छंती सरकारच्या हाती, तो सरकारचाच वकील. त्याच्याकडून अल्पसंख्य भाषकाने कसली अपेक्षा करावी? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. वकिलाचे कर्तव्य अशिलाशी असते हे खरे. मात्र येथे अशील कोण, हा प्रश्न आहे. घटनेने त्याला 'राज्याचा' महाधिवक्ता म्हटले आहे. १९५२ साली नागपूर उच्च न्यायालयात तत्कालीन मध्य प्रदेशचे महाधिवक्ता टी. एल. शेवडे यांच्या नियुक्तीस वयाच्या कारणावरून आव्हान दिले गेले. आव्हान फेटाळले गेले, पण जाता जाता न्यायालयाने एक मोलाची गोष्ट स्पष्ट केली: अशा याचिकेत अर्जदार स्वतःचा हक्क मागत नसतो, पदावरील व्यक्तीचा त्या पदावरील हक्क तपासला जात असतो. म्हणजे कोणाही नागरिकाला ज्याविषयी विचारणा करता येते, असे हे सार्वजनिक पद आहे. मंत्रिमंडळाने नेमलेला खासगी सल्लागार या व्याख्येत बसत नाही.

आता हे बेळगावला लावून पाहू. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमचा महाधिवक्ता मुंबईत बसे. मोतीलाल सेटलवाड आणि सी. के. दफ्तरी हे दोघेही मुंबईचे महाधिवक्ता होते, आणि दोघेही पुढे देशाचे महान्यायवादी झाले. त्या तारखेनंतर आमचा महाधिवक्ता बदलला. सीमाप्रश्नाचा निकाल काय लागायचा तो लागो. आज बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणूस कर्नाटकाचा नागरिक आणि करदाता आहे, आणि कर्नाटकाचा महाधिवक्ता हा त्याच्याही राज्याचा महाधिवक्ता आहे. हे मान्य केल्याने सीमालढ्याला बाध येतो, असे काही मित्रांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दावा प्रलंबित असताना ताबा असलेल्या पक्षाकडून मालमत्तेची नीट देखभाल मागितली, म्हणून मालकीहक्क सोडला असे दिवाणी कायद्यात कोणी म्हणत नाही.

अनुच्छेद ३५०-अ राज्यालाच सांगतो की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळतील असा प्रयत्न करावा. हे कर्तव्य राज्याचे, म्हणून ते कोठे मोडते हे सरकारला वेळीच सांगणे त्याच्या विधी सल्लागाराचे. वेळीच, हा शब्द येथे महत्त्वाचा. गोकाक समितीच्या अहवालानंतर १९८२ साली कर्नाटक शासनाने भाषाविषयक आदेश काढला. कन्नड ही माध्यमिक शिक्षणातील एकमेव प्रथम भाषा ठरवणारी त्यातील तरतूद कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८९ साली घटनाबाह्य ठरवली. मधली वर्षे मोजा. १९८२ साली पाचवीत असलेले मूल निकालाच्या दिवशी शाळा सोडून महाविद्यालयात गेलेले होते. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवावयाचे, शासनाने नव्हे, असा निर्णय दिला; तेथेही अपील राज्याचेच होते आणि ते फेटाळले गेले. आदेशावर सही होण्यापूर्वी 'हे टिकणार नाही' असे लेखी सांगणारा एक माणूस घटनेने मुद्दाम ठेवला आहे. त्याचा सल्ला गोपनीय असतो, म्हणून कोणत्या प्रकरणी त्याने काय सांगितले याचा तर्क आम्ही करणार नाही. पण सल्ला मागितला गेला होता का, एवढे विधिमंडळात विचारायला कोणत्याही आमदाराला कोणाची मनाई आहे?

महाराष्ट्राच्या बाजूचा प्रश्न निराळा, आणि आमच्या मते अधिक गंभीर. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३१ खाली मूळ दावा क्रमांक ४ दाखल केला. अशा दाव्यात राज्ये आणि केंद्र हेच पक्षकार. खासगी पक्षकाराला त्यात जागा नाही, हे बिहार राज्याच्या खटल्यातच ठरून गेले आहे. परिणाम असा की, ज्या माणसांच्या गावांविषयी हा दावा आहे, त्यांना स्वतःच्या खटल्यात उभे राहता येत नाही. ज्या राज्यात आम्हांस मत नाही, त्या राज्याच्या विधी अधिकाऱ्याच्या हाती आमचे संपूर्ण प्रकरण आहे. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करण्यासाठी ज्येष्ठ विधिज्ञ नेमले जातात हे खरे. पण ते त्या त्या तारखेपुरते. कागद कोणते, साक्षीदार कोण, संसदेच्या अनुच्छेद ३ मधील अधिकाराचा जो मुद्दा कर्नाटक पुढे करते त्याला उत्तर काय, याची अखंड स्मृती राज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याच्या कार्यालयात राहायला हवी.

ती राहते का? एच. एम. सीरवई १९५७ पासून १९७४ पर्यंत या पदावर होते. अलीकडे एवढा दीर्घ कार्यकाळ कल्पनेतही येत नाही. सरकार बदलले की महाधिवक्त्याने राजीनामा द्यावा हा संकेत आहे, आणि तो सर्वस्वी वाईट आहे असे नाही. अशुतोष कुंभकोणी यांच्यासारखे सत्तांतरानंतरही टिकलेले अपवादच. पण माणूस बदलताना फाईल कशी सोपवली जाते, यावर दोन्ही राज्यांत आम्ही कधी चर्चा ऐकलेली नाही. मार्च २०१६ मध्ये तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालना येथे स्वतंत्र मराठवाड्याची बाजू मांडली, त्यापूर्वी ते विदर्भाविषयी बोललेच होते. विधिमंडळात गदारोळ झाला आणि दोन दिवसांत त्यांनी पद सोडले. त्यांच्या मतांच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. मत बाळगण्याचा त्यांचा अधिकारही आम्ही नाकारत नाही. मात्र ज्या राज्याने भाषावार रचनेच्या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे, त्या राज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याने राज्याच्या सीमांविषयी पदावर असताना जाहीर मत मांडले, तर प्रतिपक्षाच्या हाती आयते वाक्य पडते. त्या गदारोळात या अंगाने कोणी बोलले असेल, तर ते आमच्या कानी आले नाही.

गोव्यातील वाचकांसाठी एक उल्लेख. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाल्यावरच गोव्यास अनुच्छेद १६५ लागू झाला. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालय एकच, महाधिवक्ते दोन, अशी तेथील स्थिती आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला दिलेल्या स्थानाचा अर्थ लावण्याचा प्रसंग आला, तर पणजीतील महाधिवक्त्याचे मत प्रथम विचारले जाईल.

निवेदने लिहिणाऱ्यांना आमच्या दोन सूचना आहेत. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यास वा प्राधिकाऱ्यास त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. उत्तर मराठीत येईलच असे नाही, पण निवेदन मराठीत आहे म्हणून ते परत करता येणार नाही. तेव्हा भाषिक हक्काचे निवेदन बंगळुरूस महाधिवक्ता कार्यालयाकडे मराठीत जाऊ द्या; त्यात अनुच्छेदाचा क्रमांक आणि आक्षेपार्ह आदेशाची तारीख असावी, घोषणा नकोत. दुसरी सूचना वकीलबंधूंसाठी. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २७-अ आपण विसरून जातो. दाव्यात घटनेच्या अर्थनिर्णयाचा महत्त्वाचा प्रश्न असेल आणि तो राज्य शासनाशी संबंधित असेल, तर महाधिवक्त्यास नोटीस गेल्याखेरीज न्यायालयाला तो प्रश्न ठरवता येत नाही. भाषिक हक्काच्या दाव्यात तसा मुद्दा निघाला, की पहिल्याच तारखेला ही नोटीस काढण्याचा अर्ज द्यावा. नोटीस बजावली गेल्याची नोंद रोजनाम्यात आली, की 'आम्हांस हे ठाऊकच नव्हते' असे पुढे राज्याला म्हणता येत नाही.