मोजमापाची वही कोणाच्या हाती?

बालाघाट म्हटले की आमच्याकडील वाचकाला मराठवाड्यातील डोंगररांग आठवते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते बालाघाट मध्य प्रदेशातील, वैनगंगेच्या काठचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, नागपूरचे राजधानीपण गेले आणि बालाघाट पलीकडे राहिले. तेथील कटंगी, वारासिवनी, लांजी या भागांत मराठी आणि पोवारी आजही घरांत बोलली जाते. वकिलाकडे, डॉक्टरकडे आणि लग्नाच्या खरेदीला माणसे आजही गोंदिया-नागपूरला येतात. या जिल्ह्यातून मलाजखंडचे तांबे आणि भरवेलीचे मँगनीज टनाटनाने मोजून बाहेर जाते. त्याच जिल्ह्यातून माणसेही बाहेर जातात. त्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादच्या बांधकामांवरून आपल्या गावांकडे शेकडो मैल पायी निघालेल्यांत बालाघाटचे मजूर होते, हे त्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने पाहिले. विटा वाहणारे, सळ्या बांधणारे, सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणारे हात या जिल्ह्याने देशाला मुबलक पुरविले. त्या विटा, त्या सळ्या आणि त्या फळ्या मोजून त्यांचा हिशेब लिहिणारा माणूस त्याने किती पुरविला, असा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो.

या माणसाला इंग्रजीत क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात. मराठीत त्याला रूढ नाव नाही, आणि ज्या व्यवसायाला नाव नाही त्याकडे आईबाप मुलाला पाठवीत नाहीत. सर्व्हेअर म्हटले की लोकांना जमिनीची मोजणी करणारा भूमापक आठवतो. हा गृहस्थ जमीन मोजत नाही. तो नकाशातून इमारत मोजतो. पाया खणण्यास किती घनमीटर माती निघेल, काँक्रीट किती, वीटकाम किती, गिलावा किती चौरस मीटर, लोखंड किती किलो, हे सारे तो कागदावरच्या रेषांतून काढतो. १२ मिलिमीटर जाडीची एक मीटर सळी किती वजनाची? व्यासाचा वर्ग करावा, १६२ ने भागावे. उत्तर किलोत मिळते, ८८८ ग्रॅमच्या आसपास. हे गणित सातवीच्या मुलाला येईल. अवघड आहे ते पुढचे. प्रत्येक बाबीचा दर कसा बसतो, त्यात सिमेंट किती, वाळू कुठून येणार, वाहतूक किती अंतराची, गवंड्याचे दिवस किती, मजुराचे किती, याचे पृथक्करण त्याला करावे लागते. आणि त्याहून अवघड म्हणजे काम सुरू झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर उभे राहून, झाले तेवढेच लिहिणे.

खर्चाचे नियोजन हा या विद्येचा दुसरा, आणि आमच्या मते अधिक मोलाचा भाग. आपल्याकडे आधी नकाशा होतो, मग त्याचा खर्च काढला जातो आणि मग सर्वांनी कपाळाला हात लावायचा असतो. खर्चनियोजक उलट्या बाजूने येतो. गावाच्या शाळेसाठी अमुक रक्कम आहे, तर तीतील किती पायावर, किती छपरावर, किती भिंतींवर आणि किती पाणी-विजेवर जावी, हे तो नकाशाच्या पहिल्या रेघेबरोबरच ठरवितो. छपराचा आकार बदलला तर खर्च कोठे सरकेल, हे तो वास्तुशिल्पज्ञाला त्याच दिवशी सांगतो. घर बांधताना शहाणी गृहिणी नेमके हेच करीत असते. सरकारला ते जमत नाही, एवढाच फरक.

इंग्लंडात या मंडळींची संस्था १८६८ साली स्थापन झाली. मोजणारा माणूस मालकाचाही नव्हे आणि ठेकेदाराचाही नव्हे, तो मापाचा, ही कल्पना तेथे रुजली. आपल्याकडे डलहौसीने १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खाते उभारले आणि सगळी सूत्रे अभियंत्याच्या हाती दिली. नकाशा त्याचा, अंदाजपत्रक त्याचे, देखरेख त्याची, मोजमाप त्याचे आणि बिलावर शिफारसही त्याचीच. इंग्रज गेले, ही रचना राहिली. लष्करी अभियांत्रिकी सेवेत तेवढा सर्व्हेअरांचा स्वतंत्र संवर्ग चालत आला. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेतही त्या सेवेसाठी परिमाण-मोजणी आणि करार अशी निराळी पदे भरली गेली आहेत. नागरी खात्यांना मात्र असा वेगळा माणूस असावा असे कधी फारसे वाटले नाही. का वाटले नसावे, हे चाणाक्ष वाचकास सांगावयास नको.

या माणसाच्या अभावी काय होते ते पाहण्यासाठी बालाघाटाहून वैनगंगेच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली यावे. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अपेक्षित खर्च होता ३७२ कोटी २२ लाख रुपये. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. पुढे हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. २०१६ मध्ये त्याचा सुधारित खर्च १८ हजार ४९४ कोटींवर गेला होता. म्हणजे जवळजवळ पन्नासपट. महागाई वाढली, भूसंपादनाचे दर वाढले, विस्थापितांचे पुनर्वसन आधी धरले होते त्याहून कितीतरी मोठे निघाले, ही सारी कारणे खरी आहेत. १९८३ च्या आकड्याशी २०१६ च्या आकड्याची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल, हेही आम्हाला मान्य आहे. पण एवढे मान्य करूनही पन्नासपट समजावता येत नाही. मंजुरी मिळावी म्हणून पहिला आकडा लहान दाखवायचा, काम अर्धे झाले की ते सोडता येत नाही म्हणून दुसरा आकडा मोठा आणायचा, ही आपल्या पाटबंधारे कारभाराची जुनी रीत आहे. तिच्यासाठी कचेऱ्यांत 'सुप्रमा' असा लाडका शब्दही रूढ झाला. सुधारित प्रशासकीय मान्यता हे त्याचे पूर्ण नाव. कानाला एखाद्या सुशील कन्येचे वाटते.

२०१२ साली विजय पांढरे या मुख्य अभियंत्याने याच कारभारावर बोट ठेवणारी पत्रे लिहिली आणि महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. गदारोळ मंत्र्यांच्या नावांवरून झाला आणि नावांवरच विरला. दर कसे बसविले, परिमाणे कोणी काढली, ती कोणी तपासली, या कंटाळवाण्या प्रश्नांत वृत्तपत्रांनाही गोडी वाटली नाही. आमच्या व्यवसायाचाही तो दोष आहे.

आणि हा कंटाळवाणा भागच खरा आहे. एक साधे उदाहरण घ्या. भारतीय मानक संस्थेने बांधकामाच्या मोजणीसाठी आयएस १२०० हे मानक केले आहे. त्यात गिलाव्याविषयी नियम आहे: अर्ध्या चौरस मीटरहून मोठी आणि तीन चौरस मीटरपर्यंतची खिडकी असेल तर तिचे क्षेत्र भिंतीच्या एका बाजूतून वजा करावे. शाळेच्या इमारतीला सव्वा बाय दीड नव्हे, १.२ बाय १.५ मीटरच्या साठ खिडक्या आहेत असे धरू. प्रत्येकीचे क्षेत्र १.८ चौरस मीटर. वजाबाकी 'राहून गेली', तर १०८ चौरस मीटर न केलेल्या गिलाव्याचे पैसे दिले जातात. रस्त्याचे घ्या. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर मुरमाचा थर १२ सेंटिमीटर पसरला आणि वहीत १५ लिहिला, तर २१० घनमीटर मुरूम हवेत विरघळला. दहा घनमीटरांचा डंपर धरला तर एकवीस खेपा. वरून डांबर पडल्यावर ते शोधणार कोण? मोजमाप पुस्तिकेची पाने क्रमांकित असतात, तीत खाडाखोड चालत नाही, शाईने लिहावे लागते, असे नियम जुन्या लोकांनी उगाच केले नाहीत. पाया बुजण्याआधी तो मोजला गेला पाहिजे. बुजल्यावर वही हाच एकमेव साक्षीदार उरतो.

महाराष्ट्राच्या खेड्यांतील मजुराला हे शिक्षण शाळेत नव्हे, रोजगार हमीच्या कामावर मिळाले. १९७२ च्या दुष्काळापासून त्या योजनेवर माती खणणाऱ्याची मजुरी खड्ड्याच्या मापावर ठरत आली. खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते मोजणाऱ्याला दिसते. टेप थोडा सैल धरला की सरकारचे नुकसान होई आणि थोडा ताणला की बाईच्या हातातली मजुरी कमी होई. टेप कोण धरतो यावर संध्याकाळची भाकरी ठरत होती. निरक्षर स्त्रियाही पुढे पुढे आपल्या चौकोनाचे माप स्वतः घेऊ लागल्या. कोणत्याही पदविकेपेक्षा तो धडा कमी नव्हता.

मजुराचा आणि या व्यवसायाचा संबंध येथेच संपत नाही. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरपृथक्करणात गवंडी, बेलदार, कुली यांचे दिवस प्रत्येक बाबीमागे धरलेले असतात. (त्यात भिस्तीही आहे. पखालीने पाणी घालणारा भिस्ती बांधकामावर कोणी शेवटचा कधी पाहिला?) या पृथक्करणात मजुरीचा दर जुना राहिला किंवा दिवस कमी धरले, तर ठेकेदार तोटा स्वतःच्या नफ्यातून सोसत नाही, तो मजुराकडून वसूल करतो. शिवाय १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर बसविला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही किमान एक टक्क्याचा तो उपकर ठेवला. टक्का कशाचा, तर खर्चाचा. खासगी इमारतीचा खर्च कागदावर कमी दाखविला की मजुराच्या आजारपणाचे, त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे पैसे आपोआप कमी होतात. हैदराबादहून चालत निघालेल्या माणसाचे हित अशा रीतीने एका आकड्यात अडकलेले असते, आणि तो आकडा लिहिणारा त्याच्या गावचा नसतो, त्याच्या भाषेचाही नसतो.

संगणक आता नकाशावरून परिमाणे क्षणात काढून देतो, मग हा व्यवसाय टिकेल कसा, असे कोणी विचारतील. संगणक नकाशा मोजतो; जमीन मोजत नाही. खडक अपेक्षेपेक्षा दोन मीटर वर लागला, हे त्याला कोणीतरी जागेवर जाऊन सांगावे लागते, आणि खरोखर खडकच लागला की ठेकेदाराच्या तोंडी लागला, तेही ठरवावे लागते. बेरजा करणारे कमी लागतील हे खरे. निर्णय करणारे अधिक लागतील. आखाती देशांत या कामाला मोठी मागणी आहे आणि तेथे श्रीलंकेसारख्या चिमुकल्या देशाच्या तरुणांनी नाव मिळविले आहे, ते त्यांनी हे शिक्षण गंभीरपणे घेतले म्हणून.

आपल्याकडे वाट आहे, पण अरुंद. तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या स्थापत्य पदविकेत अंदाजपत्रकाचा एक विषय असतो. मुले तो परीक्षेपुरता उरकतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या निकमारसारख्या संस्थेत बांधकाम व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, परंतु तेथील खर्च कटंगीच्या धानशेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. मानके इंग्रजीत, करार इंग्रजीत, दरसूचीची टिपणे इंग्रजीत. ज्या मुलाने बापाबरोबर सुट्टीत सेंट्रिंगवर काम केले आहे, त्याला फळी, टेकू आणि वाया जाणारे काँक्रीट यांचे ज्ञान कोणाही पदवीधराहून अधिक असते. त्याला अडते ती भाषा आणि फी.

गोमंतकीय वाचकाने हा दूरच्या जंगलातील प्रश्न समजू नये. कटंगी आणि तुमसर यांच्यामध्ये बावनथडी नदीवर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी संयुक्त धरण बांधले. सत्तरच्या दशकात आरंभलेल्या त्या प्रकल्पाचे पाणी शेतात पोहोचण्यास नवे शतक उजाडावे लागले. आपल्या दाराशी तिळारी आहे. तीही दोन राज्यांची, खर्चात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७०. टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत ठरली. कालवे मात्र पुन्हा पुन्हा फुटत राहिले, आणि प्रत्येक दुरुस्तीची परिमाणे कोणी काढली, कोणी पडताळली, हे पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याला कधी कळले नाही.

दोन गोष्टी लगेच करता येतील. संयुक्त प्रकल्पांच्या कामांचे मूळ अंदाजपत्रक आणि अंतिम मोजमाप दोन्ही राज्यांनी शेजारी शेजारी, लोकांच्या भाषेत प्रसिद्ध करावे, आणि मोजणी बांधणाऱ्या खात्याबाहेरच्या माणसाकडून व्हावी. दुसरी गोष्ट बालाघाटच्या मुलांची. कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांतील मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्राने तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात सवलत दिली आहे, आणि ती योग्यच आहे. बालाघाटसाठी कोणी वाद घातला नाही, म्हणून तेथील मराठी मूल नागपूर-गोंदियाच्या दारात परप्रांतीय ठरते. ज्या दोन राज्यांनी बावनथडीचे पाणी वाटून घेतले, त्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तंत्रनिकेतनांत काही जागा आणि त्यांची फी वाटून घेण्यास अडचण काय आहे, हे भोपाळने आणि मुंबईने सांगावे.